पाण्याखालची शिट्टी
(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

डॉल्फिन म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचा परदेशी समुद्र आठवतो. पण आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळही डॉल्फिन राहतात, आणि त्यांच्या शिट्ट्यांवर आपल्याच संशोधकांनी अभ्यास केला आहे. मी धाराशिव जिल्ह्यातल्या ईटची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर! तरीही हा विषय मला अगदी आपल्या ब्रँचचा वाटला. का, ते पुढे वाचा.

आवाजच का?

पाण्यात उजेड लवकर विरतो. गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचंही दिसत नाही. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. हवेत तो सुमारे 340 मीटरच जातो. विहिरीत बुडी मारली असताना कुणी पाण्याखाली दोन दगड आपटले, तर आवाज खणखणीत येतो, पण कुठून आला ते कळत नाही. वेग चौपटीहून जास्त असल्यामुळे तो दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच पोचतो. आपले कान हवेसाठी बनलेत. डॉल्फिन खालच्या जबड्यातल्या चरबीतून आवाज आतल्या कानापर्यंत नेतो आणि दिशा बरोबर ओळखतो.

डॉल्फिनचे आवाज मुख्यतः दोन कामांचे. पहिला 'क्लिक', म्हणजे त्याचं सोनार. समजा मासा 15 मीटरवर आहे. आवाज जाऊन-येऊन 30 मीटर, म्हणजे प्रतिध्वनी 20 मिलिसेकंदांत परत! क्लिकची फ्रिक्वेन्सी 100 किलोहर्ट्झ धरली, तर तरंगलांबी (हा शब्द मला शब्दकोशातून शोधावा लागला, शाळा कॉन्व्हेंटची ना!) फक्त दीड सेंटिमीटर. म्हणून लहान मासाही सापडतो. दुसरा आवाज शिट्टी. ती एकमेकांशी संपर्क ठेवायला. बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनची तर प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते. 2013 साली स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट यानिक यांनी दाखवलं की आपल्या शिट्टीची नक्कल ऐकवली की तो डॉल्फिन उत्तर देतो. म्हणजे नावच की!

सिंधुदुर्गातलं काम

ईशा बोपर्डीकर, दिपानी सुतारिया, मिहिर सुळे, केतकी जोग, वर्धन पाटणकर आणि होल्गर क्लिंक यांनी महाराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हंपबॅक डॉल्फिनच्या शिट्ट्यांचं वर्णन आणि वर्गीकरण केलं. त्यांचा शोधनिबंध 2018 साली प्रसिद्ध झाला. अशा कामाची पद्धत आपल्या ओळखीची आहे. हायड्रोफोन म्हणजे पाण्यात चालणारा माइक. त्यातला पिझो क्रिस्टल दाबाचं व्होल्टेज करतो. 20 किलोहर्ट्झची शिट्टी पकडायची तर सेकंदाला 40 हजारांहून जास्त सॅम्पल हवेत. हाच तो नायक्विस्ट! मग एफएफटी करून स्पेक्ट्रोग्राम काढायचा. त्यावर शिट्टी रेषेसारखी दिसते: चढती, उतरती, लाटेसारखी. ज्या सब्जेक्टला आपण फक्त पासिंगपुरतं वाचतो, त्यावर हे सगळं उभं आहे.

ऐकण्याचा फायदा मोठा आहे. व्हेल क्वचितच नजरेला पडतो, पण आवाजावरून त्याचा पत्ता लागतो. गोव्याजवळच्या समुद्रात रेकॉर्ड झालेल्या हंपबॅक व्हेलच्या गाण्यावरचा शोधनिबंध 2019 साली प्रसिद्ध झाला.

गोंगाटाचा प्रश्न

रात्री आठ वाजता आपल्या मेसमध्ये समोरच्याला 'भाजी दे' म्हणायचं तरी ओरडावं लागतं. सिग्नल तोच, नॉइज वाढलेला. समुद्रात हे काम इंजिनं करतात. प्रोपेलर जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात (मेकॅनिकलवाले याला कॅव्हिटेशन म्हणतात), आणि त्याचा मोठा आवाज होतो. 2023 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन बॉटलनोज डॉल्फिननी एका सेकंदाच्या आत आपापलं बटण दाबायचं होतं. गोंगाट वाढवला तसे त्यांनी आवाज चढवले, शिट्ट्या लांबवल्या. तरीही यश 85 टक्क्यांवरून 62.5 टक्क्यांवर घसरलं.

आपला हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो. बोटी, जाळी, पर्यटक सगळे तिथेच. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. जाळ्यात अडकून तो मरतो, आणि डॉल्फिनमुळे जाळी फाटली की मच्छीमाराचंही नुकसान होतं. त्यामुळे दोष एकट्या कोणाला देता येत नाही.

आपण काय करू शकतो?

ट्रिप मालवण-तारकर्लीला गेली तर बोटवाल्या काकांना सांगा, 'काका, पाठलाग नको, बोट हळू घ्या.' डॉल्फिन जरा लांबून दिसेल, चालेल. आणि फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सुचत नसेल, तर शिट्टी ओळखणारा प्रोग्रॅम किंवा कमी आवाजाचा प्रोपेलर यांचा विचार करा. मोबाईलवर बोलताना रेंज गेली की आपण दोन मिनिटांत वैतागतो. तिथे तर पिल्लू आईला हाक मारत असतं. ती हाक पोचावी, एवढं इंजिनीअरिंग आपल्याला नक्की येतं!