नोंदीचा खरेपणा ओ-रिंगपासून सुरू होतो

चि. भाच्यास,

नदीत आणि निरीक्षण विहिरींत सोडायच्या पातळीमापकांची देखभाल आता तुझ्याकडे आली आहे. या कामात सगळ्यांचं लक्ष सेन्सर आणि बॅटरीकडे असतं. झाकणाखालच्या ओ-रिंगची आठवण पाणी आत शिरल्यावरच होते. माझं सांगणं एवढंच, की ते रबरी कडं हा मोजमापाचाच भाग समज. सील एकदम गेलं तर यंत्र बंद पडतं आणि बिघाड निदान कळतो. झिरपा बारीक असेल तर ओलावा सर्किटवर बसतो, विजेला आडवाट मिळते आणि यंत्र चालू राहून चुकीचे आकडे देऊ लागतं. हे जास्त घातक आहे, कारण अशा आकड्यावर कुणी शंका घेत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या विसर्गाने ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडची वैनगंगाकाठची गावं पाण्यात गेली. अशा वेळी खालच्या गावाला किती अवधी आहे याचा अंदाज वरच्या नोंदीवरूनच बांधतात. ती नोंद चुकली तर इशाराही चुकतो.

कोणी म्हणेल, स्क्रू घट्ट आवळले की झालं. तसं नाही. झाकण कड्याला सुरुवातीपुरतं दाबतं. पुढचं काम पाणीच करतं. दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब येतो, तो कड्याला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटतो आणि फट आणखी मिटते. झाकण धातूला टेकल्यावर जास्त आवळलं तर रबर अधिक दबत नाही, उलट आटे झिजतात. ग्रीसचंही तेच. जाड थरात रेती चिकटते, आणि रेतीचा एक कण किंवा एक केस पाण्याला वाट द्यायला पुरतो. कडं नुसतं चमकेल इतकंच ग्रीस लाव, आणि ते त्या रबराला मानवणारं असू दे. नायट्राइलला सिलिकॉन ग्रीस चालतं. पण सिलिकॉनचं कडं त्याने फुगतं, आणि ईपीडीएमचं कडं पेट्रोलियम ग्रीसने.

दुसरा आक्षेप असा, की यंत्रावर आयपी ६८ ही पाणीरोधकतेची श्रेणी लिहिलेली आहे, मग चिंता कशाला? त्या अंकामागची खोली आणि वेळ उत्पादकाने ठरवलेली असते, आणि चाचणी नव्या, नीट बसवलेल्या सीलची असते. आपल्याकडचा उन्हाळा त्यात धरलेला नसतो. रबराला तापमानाची दोन्ही टोकं बाधतात: १९८६ मध्ये दुर्घटनाग्रस्त झालेल्या चॅलेंजर अवकाशयानाच्या ओ-रिंग थंडीने कडक झाल्या होत्या. आपल्या चंद्रपुरात धोका उष्णतेचा आहे. दबलेलं रबर सतत तापलं की कायमचं चपटं होतं आणि परत उसळी घेत नाही. शिवाय ४७ अंशांच्या उन्हात बंद केलेलं यंत्र २७ अंशांच्या पाण्यात सोडलं, तर आतल्या हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. सीलवर जवळपास साठ सेंटिमीटर जादा पाणी उभं राहिल्यासारखं होतं. म्हणून यंत्र सावलीत, कोरड्या हवेत बंद कर. जुलैच्या दमट हवेत बंद केलं तर आत कोंडलेली वाफच थंड होऊन थेंब धरते. तो ओलावा गळतीचा समजू नकोस. ताजी सिलिका जेलची पुडी ठेवलीस तर हा घोटाळा टळतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: प्रत्येक वेळी झाकण उघडणं हीच जोखीम, मग उघडावंच कशाला? खरं आहे, उगाच उघडू नये. पण न उघडल्याने रबराचं वय थांबत नाही. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, ठरवून उघड. जुनं कडं टोकदार अवजाराने उचकू नकोस, खाचेला ओरखडा पडतो. खाच लव न सुटणाऱ्या कापडाने पूस, भिंगातून बघ, आणि जुनं कडं चांगलं दिसलं तरी नवं घाल. यंत्र पाण्यात उतरवायचंच कशाला, असंही कोणी विचारेल. पुलावरून रडारने पातळी मोजता येते हे खरं; पण पाण्याच्या आतला वेग किंवा बोअरमधली पातळी मोजायला बहुधा यंत्र पाण्यातच उतरवावं लागतं.

शेवटचं सांगणं: कडं बदलल्याची तारीख नोंदवहीत पातळीच्या आकड्यांशेजारीच लिही. आत ओल दिसली तर मागचे आकडे संशयित आहेत, असंही स्पष्ट लिही. पुराचा धोका असलेल्या भामरागड-सिरोंचाच्या माणसांना बिनचूक नोंद मिळायलाच हवी. ती देता आली नाही, तर निदान ती कुठे चुकली असेल हे तरी त्यांना कळलं पाहिजे.

तुझा,
मामा