विस्मरण झालेल्या वृद्धांना माणसांत ठेवा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडात बसलेली आहे. त्यामुळे घरातले वृद्ध तेच तेच विचारू लागले, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, की ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो. पण हे नुसते वय नव्हे. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होत गेल्याने होणारा हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, म्हणजे शंभरात सात जणांना.

औषधांनी काही रुग्णांना काही काळ थोडा फायदा होतो. गेलेली स्मरणशक्ती परत आणणारे औषध मात्र नाही. म्हणूनच रुग्णाला माणसांत आणि कामात ठेवणे या बिनखर्चाच्या उपायाला फार महत्त्व आहे.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत मी नेमके उलट पाहतो. चारचौघांत काही भलते बोलतील या संकोचाने त्यांना लग्नकार्याला नेणे बंद होते. ‘कशाला त्रास?’ म्हणून हातातले काम काढून घेतले जाते. मग ते दिवसभर पेंगतात, रात्री जागतात, चिडतात आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. यातला काही भाग आजाराचा नसून रिकामपणाचा असतो.

या आजारात ताज्या गोष्टींची आठवण आधी जाते. हाताला लागलेली सवय, तरुणपणच्या गोष्टी, गाण्याची चाल मात्र पुष्कळ दिवस टिकते. सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी आजी जात्यावरची ओवी न अडखळता म्हणते, ती यामुळेच.

माझ्या एका रुग्णाचे पूर्वी किराणा दुकान होते. दुपारी ‘दुकान उघडायचे आहे’ म्हणून ते दाराशी जात, सून अडवी, रोज भांडण होई. शेवटी सुनेनेच युक्ती काढली. जुना तराजू, थोडी डाळ, रद्दीचे कागद आणि दोरा त्यांच्यापुढे ठेवला. ते पुड्या बांधू लागले. आजार बरा झाला नाही, हिशेब अजूनही चुकतो. पण दुपारचे भांडण थांबले आणि सुनेला तासभर उसंत मिळाली.

घरी काय करावे?

१) पूर्वीच्या आवडीचे व सवयीचे काम द्यावे : शेंगा फोडणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या, तुळशीला पाणी. घडी वाकडी आली तरी त्यांच्यासमोर पुन्हा घालू नये.

२) एका वेळी एकच काम, रोज ठरलेल्या वेळी, अर्धा तास पुरे. कंटाळले तर थांबावे.

३) ‘मला ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘आजोबा, मी तुमचा नातू’ असे आपणच सांगावे.

४) पाहुणे एकेक-दोघेच यावेत. जुने फोटो पाहत गप्पा माराव्यात.

५) चष्मा व श्रवणयंत्र तपासून घ्यावे. ऐकूच आले नाही तर माणूस गप्पांतून आपोआप बाजूला पडतो.

६) विळी, गॅस आणि लहान गिळता येण्याजोग्या वस्तूंपाशी एकटे सोडू नये.

ब्रिटनमध्ये सौम्य व मध्यम रुग्णांचे छोटे गट जमवून आठवड्यातून दोनदा पाऊण तास गप्पा, गाणी, शब्दांचे खेळ घेतात. त्याने विचारशक्तीला काहीसा फायदा होतो असे आढळले असून २०१८ च्या तेथील वैद्यकीय मार्गदर्शनात त्याची शिफारस आहे. आपल्याकडे भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, देवळाचा पार आहेच. तेथे सोबतीने न्यावे आणि मंडळींना आजाराची कल्पना आधी द्यावी. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

विस्मरण एकाएकी वाढले तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्ग किंवा औषधांचा परिणाम असू शकतो. थायरॉइड व बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. सेवा करणारी व्यक्ती, बहुधा घरची सून किंवा लेक, हिलाही आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळाली पाहिजे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या शासकीय दूरध्वनीवर मोफत सल्ला मिळतो.