दावं की साप?

श्रावणातली रात्र होती. कडावकडच्या एका वाडीवर वर्ग आटोपून आम्ही दोघे-तिघे बांधावरून परत येत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्यानं भरलेली. बत्ती एकच, तीही पुढच्या गड्याच्या हातात. एकाएकी तो थांबला. थांबला कसला, मागेच उडाला आणि आमच्या अंगावर आला. पुढे बांधावर काहीतरी लांब, काळं, वेटोळं घालून पडलं होतं.

बत्ती जवळ नेली. बैलाचं दावं होतं. कुणाच्या तरी हातून पडलेलं, चिखलानं माखलेलं.

सगळे हसले. तोही हसला. पण त्याची छाती धडधडत होती. तळहात घामाने ओले झाले होते. "मी कुठं उडालो? पायच उडाले," असं तो म्हणाला.

हे त्याचे बोलणे गमतीचे वाटले, तरी खरे आहे. उडी मारावी असा विचार त्याने केलाच नव्हता. मग पायांना हुकूम कुणी दिला?

आपल्या अंगात मज्जापेशी असतात. एकट्या मेंदूतच त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण तिला तंतू फुटलेला असतो, आणि तो लांबलचक असू शकतो. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकच तंतू दोन हात लांब भरेल. या तंतूतून विजेसारखा झटका धावतो. अतिवेगाच्या तंतूतून तो एका सेकंदात १०० मीटरच्या आसपास जातो.

एका पेशीचे टोक दुसरीला चिकटलेले नसते. मध्ये अगदी बारीक फट असते. झटका टोकाशी पोचला की तिथून एक रस सुटतो. तो रस पलीकडच्या पेशीला जागी करतो. वीटभट्टीवर गडी रांगेने उभे राहून हातोहात वीट पुढे देतात, तसेच हे काम. फरक एवढाच की इथे प्रत्येक गडी आलेली वीट पुढे देईलच असे नाही. शेजारच्या अनेक पेशींकडून काय काय आले, याचा हिशेब करून पेशी ठरवते, पुढे द्यायचे की गप्प बसायचे.

आखूड रांग पाहायची असेल, तर काटा मोडतो तेव्हा पाहा. अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा गेला की पाय वर उचलला जातो. त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होतो आणि सारा भार तोलून धरतो. तसे झाले नसते, तर माणूस चिखलात आडवा झाला असता. ही सारी व्यवस्था पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत होते. काट्याची खबर तिथे येते आणि तिथूनच पायाला हुकूम सुटतो. मेंदूला वेगळी वर्दी जाते. "आई गं" आपण म्हणतो ते त्यानंतर. चुलीवरच्या तापल्या टोपाला हात लागतो तेव्हाही असेच होते.

पण बांधावरच्या गड्याला काही टोचले नव्हते. त्याने नुसते पाहिले होते. पाहण्यातून उडी कशी निघते, हे समजायला त्याच खाचरातल्या बेडकाकडे जाऊ.

बेडूक किडा कसा पकडतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. किडा हलला की जीभ सुटते. पण मेलेला किडा पुढ्यात ठेवा. बेडूक त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. १९५९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंतले झटके मोजले. त्यांना असे आढळले की काही तंतू लहान, काळसर, हलणारी वस्तू समोर आली तरच जागे होतात. गवत हलले, ढग सरकला, तर ते गप्प. म्हणजे 'किडा आला' ही निवड डोळ्यातच निम्मी झालेली असते. भोवती मेलेल्या माश्यांचा ढीग असला तरी बेडूक उपाशी मरेल. बिचाऱ्याला हे कुणी शिकवले नाही. ही बुद्धी पिढ्यान् पिढ्या पेशींच्या जोडणीतच भरलेली आहे. यालाच उपजत बुद्धी म्हणतात.

माणसाचा डोळा इतका साधा नाही. आपल्या डोळ्यांची खबर मेंदूत दोन वाटांनी जाते. मोठी वाट डोक्याच्या मागच्या भागाकडे जाते. तिथे रंग, आकार, बारकावे तपासले जातात. ते झाल्यावर आपल्याला कळते, की हे दावं आहे, त्याला गाठ आहे, चिखल लागला आहे. दुसरी आडवाट आखूड आहे. ती मेंदूच्या खोल भागातून बदामाच्या आकाराच्या एका गाठीकडे जाते. भीतीची घंटा वाजवणे हे या गाठीचे एक मोठे काम. या वाटेने येणारी खबर अंधुक असते. 'लांब, वळणाचं, जमिनीवर', एवढंच. पण ती लवकर पोचते. आडवाटेवरून नक्की किती कारभार चालतो यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. माणसात ही आडवाट आहे की नाही, याचीच शंका काही जण घेतात.

२०१३ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी जन्मात साप पाहिला नव्हता अशी माकडे त्यांनी घेतली. ही जपानी माकडे म्हणजे आपल्या माथेरानवर दिसतात त्या तांबड्या तोंडाच्या माकडांचे भाऊबंदच. त्यांना सापाची, माकडांच्या चेहऱ्यांची, हातांची आणि साध्या आकृत्यांची चित्रे दाखवली. त्याच वेळी या आडवाटेवरच्या पेशींचे झटके मोजले. साप पाहून पेशी सर्वांत लवकर आणि सर्वांत जोराने जाग्या झाल्या. सापाची धास्ती आपल्या डोळ्यांमागे फार जुन्या काळापासून बसलेली असावी, असे यावरून दिसते.

दाव्याला साप समजले तर काय गेले? घटकाभर हसू झाले. सापाला दावं समजले असते तर? घंटा उतावळी आहे ती उगीच नाही.

घंटा वाजली की हुकूम फक्त पायांनाच जात नाही. हृदय जोराने चालते. घाम सुटतो. हातपाय गार पडतात, कारण कातडीकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी रक्तात आपला रस सोडते आणि तडाखा वाढवते. दावं ओळखले की घंटा थांबते आणि थोड्या वेळाने अंग निवते.

आता असे समजा, की घंटा थांबलीच नाही. हे खरेच घडते, आणि ते आपल्या रायगड जिल्ह्यातच नीट समजले. लाल विंचू चावला की त्याचे विष मज्जापेशींवर बसते. पेशीच्या अंगाला बारीक दारे असतात. दार उघडले की झटका धावतो, मिटले की थांबतो. विंचवाचे विष हे दार नीट मिटूच देत नाही. मग समोर काही भय नसताना सगळ्या अंगात भीतीचे हुकूम सुटत राहतात. दरदरून घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे हातपाय, धावणारे हृदय. शेवटी हृदय थकते, छातीत पाणी भरते आणि रोगी गुदमरतो.

महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर कामाला लागले. विंचू चावलेली माणसे, मुले त्यांच्याकडे येत. गंभीर झालेल्या शंभरातली चाळीसच्या आसपास दगावत. डॉक्टर रात्र रात्र रोग्याजवळ बसून नाडी, घाम, रक्तदाब लिहून ठेवीत. ही लक्षणे त्यांनी १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरले. हे औषध घंटा बंद करीत नाही. पण रक्तवाहिन्यांना ती ऐकू येऊ देत नाही. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ साली याची माहिती छापली. मरणाचे प्रमाण शंभरात एकाच्या घरात आले. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले तर रोगी आणखी लवकर सावरतो, हेही बावस्करांनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात बसून जगाला शिकवता येते, याचा आम्हांला फार अभिमान वाटतो.

तेव्हा विंचू चावून नुसती आग होत असेल, तर एवढे घाबरू नये. पण घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले, तर तो नुसता भित्रेपणा समजू नका. लहान मुलाला तर मुळीच थांबवून ठेवू नका. भगताकडे जाण्यात जो तास जातो, तोच तास डॉक्टरला हवा असतो.

मण्यारीचे मात्र उलटे आहे. ती रात्री निजलेल्या माणसाला चावते. डंख बहुधा दुखतच नाही, म्हणून घंटा वाजत नाही आणि माणूस झोपून राहतो. तिचे विष मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे बसते. वरून हुकूम सुटतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या खाली येतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. रोग्याला सगळे ऐकू येत असते, पण बोट हलवता येत नाही.

पावसाळ्यात जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचून घ्यावी. सकाळी उठल्यावर कुणाचे पोट दुखत असेल, पापण्या उघडत नसतील, तर डंखाची खूण शोधत बसू नका. रोग्याला चालवू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा, आणि मण्यारीचा संशय आहे असे डॉक्टरला स्पष्ट सांगा.