दुधातून येणारे जंत

पशुवैद्यकाचे शंका-समाधान

प्रश्न : आमचे रेडकू महिन्याचे आहे. अजून चाऱ्याला नीट तोंडही लावत नाही, आईच्या दुधावरच आहे. तरी शेणातून वीतभर लांब पांढरा जंत पडला. म्हशीचे शेण तपासून आणले, त्यात एकही अंडे निघाले नाही. मग हे जंत आले कुठून?
– एक म्हैसपालक, सांगली जिल्हा

उत्तर : म्हशीकडूनच आले, पण दुधातून. हा टॉक्सोकारा व्हिट्युलोरम नावाचा गोलकृमी. गोठ्यातल्या मातीने माखलेल्या चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटात त्याची अंडी जातात. आतड्यात अळ्या बाहेर पडतात, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि यकृत, फुफ्फुसे, स्नायू अशा ठिकाणी जाऊन निपचित पडून राहतात. मोठ्या जनावरात सहसा त्यांचे पूर्ण जंत होत नाहीत. अंडी घालणारी मादीच नाही, म्हणून शेणाचा तपास कोरा येतो.

विण्याचे दिवस भरत आले की या अळ्या जाग्या होऊन कासेकडे सरकतात. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुधातून त्या सर्वांत जास्त उतरतात. रेडकाच्या शरीरात त्या पुन्हा फिरत बसत नाहीत, थेट लहान आतड्यात वाढतात. साधारण तीन आठवड्यांत त्यांची अंडी शेणात दिसू लागतात. पोट सुटणे, केस राठ होणे, मातकट रंगाचे घाण वासाचे पातळ शेण, श्वासाला आंबूस वास ही लक्षणे. जंतांचा गुंता आतड्यात अडकला तर रेडकू दगावते.

प्रश्न : असे असेल तर रेडकाला चीक पाजूच नये का? की म्हशीलाच औषध द्यावे?
– एक दूध उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : चीक तोडू नका, ही कळकळीची विनंती. रोगाशी लढण्याची शक्ती रेडकाला चिकातूनच मिळते. जन्मानंतर पहिल्या दोन तासांत ते चीक प्यायलेच पाहिजे. जंतांवर औषध आहे, न पाजलेल्या चिकाची भरपाई मात्र पुढे होत नाही.

म्हशीला दिलेले नेहमीचे जंतनाशक आतड्यातल्या जंतांवर चालते. स्नायूंत दडलेल्या अळ्यांना ते सहसा पोहोचत नाही. म्हणून औषध रेडकाला द्या, तेही दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान. तोवर दुधातल्या बहुतेक अळ्या पोटात उतरलेल्या असतात आणि एकीनेही अंडी घातलेली नसतात. पायपेराझिन किंवा पायरँटेल वजनाच्या मापात, डॉक्टरांना विचारून द्यावे. लक्षणांची वाट पाहू नये. रेडकाचे शेण रोज उचलून उकिरड्यात टाका. गोठ्यात अंडी पसरतात ती रेडकांच्या शेणातून. ती थांबली की म्हशीच्या अंगात नव्या अळ्या जाणार नाहीत.

प्रश्न : घरची कुत्री व्यायली आहे. मुले दिवसभर पिल्लांशी खेळतात. मुलांना धोका आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, पण टाळता येण्याजोगा. कुत्र्यांतल्या टॉक्सोकारा कॅनिसच्या अळ्या पिल्लू पोटात असतानाच नाळेतून त्याच्या यकृतात जातात. जन्मानंतर त्या फुफ्फुसात येतात, श्वासनलिकेतून घशाशी चढतात आणि गिळल्या जाऊन आतड्यात स्थिरावतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांची होईपर्यंत पिल्लांना जंतनाशक द्या. त्यांच्याबरोबर आईलाही द्या.

माणसात या अळ्यांचे जंत होत नाहीत, पण त्या वाट चुकल्यासारख्या यकृतात, फुफ्फुसांत, क्वचित डोळ्यांतही फिरतात. एका डोळ्याची नजर मंदावलेली मुलाच्या स्वतःच्याही लवकर ध्यानात येत नाही. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधक नसतात; मातीत तयार व्हायला त्यांना दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका तिथेच तुटतो. मातीत खेळून आल्यावर आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. मुलाची नजर अंधुक झाली किंवा डोळा तिरळा दिसू लागला तर नेत्रतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा आणि घरात पिल्ले आहेत हे त्यांना आवर्जून सांगा.