कुलूप आणि कोयंडा

पुष्कळ घरांच्या पडवीत किंवा परसातील खोलीत सुताराचा वा लोहाराचा घरगुती कारखाना असतो. तेथील रंधा, पटाशी, गिरमिट चोरीस गेले की त्या घराची रोजीच बंद पडते. म्हणून दाराला भक्कम कुलूप लावतात. ते योग्यच, परंतु चोर कुलुपाशी झुंजत बसतो, ही समजूत मात्र बरोबर नाही.

१८५१ साली लंडन येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा यांचे अभेद्य मानलेले कुलूप किल्लीवाचून उघडून दाखविले. त्यास १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले! इतकी सवड चोरास कोठून असणार? तो पहारीने सरळ कोयंडाच उचकटतो. कोयंड्याचे स्क्रू बाहेर दिसत असतील, तर पेचकसानेही काम भागते. यास्तव कोयंडा फळीतून आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा. बोल्टाचे डोके गोल गुळगुळीत व त्याखालील मान चौकोनी असावी, म्हणजे तो बाहेरून फिरविता येत नाही; नट आतून आवळावा. बिजागरीची खीळ बाहेरच्या अंगास येत असल्यास तिची टोके ठोकून पसरट करावीत.

पहार आणि शिडी रात्री अंगणात ठेवणे म्हणजे चोराचे ओझे आपणच वाहणे होय. भांड्यांवर आपण हौसेने नावे घालून घेतो; हत्यारांवरही तशीच घालावीत, आणि यंत्रांचे क्रमांक वहीत टिपून ती वही घरात ठेवावी. चोरीचा माल सापडला, तरी तो आपला असे पोलिसांस पटवून द्यावे लागते.