तीन वाजताची जाग



"मावशी, दोन लार्ज घेतले की लगेच झोप लागते, पण तीनला टक्क जाग येते," असं तू परवा फोनवर म्हणालास. तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा बोलले नाही. दवाखान्यात ही तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली. तीनची जाग हा आजार आणि पेग हे त्यावरचं औषध, असंच प्रत्येकाला वाटत असतं. निखिल, ती जाग बहुधा पेगच आणतो.

मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटला दाबते, म्हणून गुंगी येते. पण मेंदू गप्प बसत नाही, तो उलट दिशेने जोर लावतो. तुझे दोन लार्ज म्हणजे चार स्मॉल, आणि यकृत तासाला साधारण एक स्मॉल निकालात काढतं. अकराला घेतलेस की तीनच्या सुमारास दारू उतरते आणि चेतवणारी बाजू मोकाट सुटते. छाती धडधडते, घाम फुटतो, लघवीला उठावं लागतं आणि ऑफिसच्या सगळ्या चिंता एकदम अंगावर येतात. रात्रीच्या पूर्वार्धातली स्वप्नांची झोपही दारूने मारलेली असते. घसा सैल पडून घोरणं वाढतं ते वेगळंच. रोज घेतलीस तर काही दिवसांतच ती गुंगीही कमी पडू लागते, आणि दोनाचे तीन होतात.

मग पेगशिवाय झोपायचं कसं? आठवड्यातल्या तीन रात्री, तीन महिने झोप बिघडलेली असेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार गोळी नव्हे, सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलणारी उपचारपद्धती. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली हेच सांगितलं. त्यात रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवायची. झोप येईल तेव्हाच अंथरुणाला पाठ टेकायची, नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, घड्याळ बघायचं नाही. पहिले एकदोन आठवडे जड जातात. दारू सोडल्यावर झोप आधी आणखी बिघडते आणि नेमकी तिथेच माणसं बाटलीकडे परत वळतात. तू वळू नकोस.

मात्र एक गोष्ट नीट ऐक. रोज जास्त पीत असशील तर एका रात्रीत बंद करू नकोस. हात थरथरतात, कुणाला झटके येतात, कुणाला भ्रम होतो, जीवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखव, ते औषधं देऊन सावकाश सोडवतील. आणि मित्राने दिलेली अल्प्राझोलामची गोळी दारूबरोबर चुकूनही घेऊ नकोस, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे जायला लाज कसली?

रविवारी फोन कर. रोज किती घेतोस तो आकडा मला खरा सांग, आईला मी काही सांगणार नाही.

तुझी मावशी