अन्नविषबाधा आणि घरची शुश्रूषा



लग्नसराई आणि गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की आपल्या मच्छे परिसरात पंगतींना खंड नसतो. अशा पंगतीच्या दुसऱ्या दिवशी वर्गातील दोन-चार जागा हमखास रिकाम्या दिसतात आणि रजेच्या चिठ्ठीत 'पोट बिघडले' एवढेच कारण असते. दोन वर्षांपूर्वी तशी चिठ्ठी आमच्या घरातूनही गेली. एका कार्याहून आणलेला पुलाव रात्रभर ओट्यावर राहिला होता. सकाळी तो गरम करून आम्ही आमच्या मुलीस वाढला. दुपारपर्यंत तिला सात-आठ वांत्या झाल्या. पाणी दिले की ती ओकते, हे पाहून आम्ही तिचे पाणीच बंद केले. संध्याकाळी तिचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, लघवी थांबली. डॉक्टरांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "पाणी का तोडलेत?" इतरांस शिकविणाऱ्या आम्हांजवळ त्याचे उत्तर नव्हते. ते उत्तर पुढे आम्हांस जसे उमगले, तसे येथे मांडीत आहोत.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. शिजलेले अन्न उबदार हवेत राहिले की त्यात जंतू वाढतात. भातात राहणारे काही जंतू शिजविल्यानेही मरत नाहीत. ते बीजरूपाने टिकतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढून विष निर्माण करतात. हे विष अन्न पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. आमची चूक नेमकी येथेच झाली. असे तयार विष पोटात गेले तर एक ते सहा तासांत वांत्या सुरू होतात. जंतूच पोटात जाऊन वाढले तर जुलाब व ताप येण्यास कित्येक तास, क्वचित काही दिवसही लागतात. बहुतेक वेळा शरीर स्वतःच हे विष बाहेर टाकते आणि एक-दोन दिवसांत रोगी बरा होतो. खरे संकट निराळेच असते. विषाबरोबर शरीरातील पाणी आणि क्षारही वाहून जातात.

२० फेब्रुवारी २०२४ या दिवशी, एकादशीस, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील भगर-आमटीच्या प्रसादाने शेकडो भाविकांस विषबाधा झाली. रुग्णालयातील जागा अपुरी पडली. तेव्हा झाडांना दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगण्यात आल्या आणि लोकांवर उघड्यावर उपचार झाले. त्या बाटल्यांत असते तरी काय? मुख्यत्वे पाणी आणि मीठ! म्हणजे गेलेले पाणी परत देणे हाच उपचाराचा गाभा होय.

मग ते पाणी तोंडानेच का देऊ नये? हा प्रश्न १९७१ साली बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे प्रत्यक्ष उभा राहिला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली होती आणि सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांच्या आप्तांकरवी पाजविले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते. ते शेकडा ४ च्याही खाली आले. २०२३ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यामागील शास्त्र सोपे आहे. आपल्या लहान आतड्यात मीठ आणि साखर ही जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बंद होत नाही. म्हणूनच नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी अधिक गुणकारी ठरते.

आता प्रत्यक्ष कृती. औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी सर्वांत उत्तम. संपूर्ण पुडी तिच्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी. पाणी कमी-अधिक करू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मापात हयगय नको. मीठ वाढले तर ते घातक, साखर वाढली तर जुलाब वाढतात. तयार पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

वांती झाल्यास दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्या-चमच्याने पाजावे. घटाघटा प्यायल्यास पुन्हा ओकारी येते. थोडे थोडे दिलेले पाणी बहुधा टिकते. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, दहा वर्षांपर्यंतच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांस हवे तितके द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कधीही तोडू नये.

उपासही घडवू नये. आमच्या कोकणी घरांत आजारी माणसापुढे पहिली येते ती मिठाची कणी घातलेली पेज. तांदळातील पिष्टाची आतड्यात हळूहळू साखर होते आणि तीही त्याच दरवाजाने मिठासह आत जाते. आजीची पेज म्हणजे शास्त्राला धरूनच होती! पेजेनंतर मऊ भात, ताजे ताक, केळे असे चढत जावे. बाटलीतील गोड पेये, कडक चहा आणि तळकट पदार्थ टाळावेत. जुलाब थांबविणारी वा जंतुनाशक औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. रोग्याने बरे वाटल्यावरही दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

मात्र घरच्या शुश्रूषेलाही मर्यादा आहे. शौचातून रक्त जाणे, १०२ अंशांहून अधिक ताप, काहीही पोटात न ठरणे, आठ तास लघवी न होणे, ग्लानी, अंधुक दिसणे किंवा तीन दिवसांनंतरही जुलाब न थांबणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटच पाहू नये.

आमची मुलगी त्या रात्री डॉक्टरांच्या देखरेखीखाली चमच्या-चमच्याने पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी तिने पेजेबरोबर लोणच्याची फोड मागितली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. मुलांनो, एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे माप पाढ्यासारखे पाठ करा आणि आज घरी गेल्यावर आईवडिलांस म्हणून दाखवा. न जाणो, एखाद्या रात्री तुमच्या घरात तेच एखाद्याचे प्राण वाचवील.